किडक्या बोरांची तीन कोटेशनं

जयपूरच्या आमच्या विद्यापीठाच्या फाटकावर एक मोठा फ्लेक्स आहे. त्यावर कुलगुरूंचा फोटो, डीनसाहेबांचा थोडा लहान फोटो आणि दोघांच्या मध्ये एक रक्कम आहे. विद्यापीठाने यंदा आपल्या प्राध्यापकांना संशोधनासाठी मंजूर केलेली ती रक्कम. मी तिथे उपवित्त अधिकारी म्हणून हिशेब बघतो. त्यामुळे सकाळी गाडी आत घेताना तो आकडा दिसला की मनात येतं, ‘मंजूर’ लिहिलंय, ‘दिले’ असं लिहिलेलं नाही. चला, खोटं तरी नाही.

या योजनेला आमच्याकडे सगळे ‘सीड मनी’ म्हणतात. दर काही वर्षांनी विद्यापीठाचं मूल्यांकन करायला बाहेरून मंडळी येतात. तुम्ही स्वतःच्या पैशातून शिक्षकांना संशोधनाला काय देता, असा एक प्रश्न त्यांच्याकडे असतो. त्याला उत्तर हवं म्हणून योजना. संशोधन व्हावं अशी इच्छाही असते, नाही असं नाही, पण ती रांगेत बरीच मागे उभी असते. योजनेत तीन आकडे असतात: मंजूर झालेला, दिलेला आणि खर्च झालेला. पहिला फ्लेक्सवर जातो. दुसरा माझ्या संगणकात असतो. तिसरा शोधत मला लोकांच्या मागे फिरावं लागतं. तिघांना एका खोलीत बसवलं तर एकमेकांना ओळखणार नाहीत.

पद्धत साधी आहे. शिक्षकाने अर्ज करायचा, समितीपुढे दहा मिनिटं बोलायचं. समितीत डीनसाहेब अध्यक्ष, मॅनेजमेंटचे एक प्राध्यापक, बाहेरच्या कॉलेजचे एक पाहुणे आणि पैशाच्या बाजूने मी. मंजुरी मिळाली की निम्मी रक्कम आधी, उरलेली काम दिसल्यावर. काम दिसलंच नाही तर प्रकल्प बंद आणि दिलेली रक्कम पगारातून वसूल. हे शेवटचं कलम मीच घालायला लावलं होतं, कारण एका गृहस्थांनी ‘क्षेत्रीय माहिती संकलन’ या शीर्षकाखाली बायकोसाठी मोबाइल घेतला होता. माहिती ती चांगली संकलित करत असेल, पण आमच्यापर्यंत पोचली नाही.

एका वर्षी प्राणिशास्त्राच्या एका तरुण मॅडमनी अर्ज केला. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळकडचे. ही मात्र जयपूरलाच वाढलेली. मराठी बोलायची ते चाचरत, दर वाक्याला एकदा हिंदीचा हात धरून. तिची नेमणूक तात्पुरती होती. जूनपर्यंत एक अंतर्गत प्रकल्प समाधानकारक झाल्याचा शेरा मिळाला तर कायम, नाही मिळाला तर घरी. घरी म्हणजे वडिलांच्या पेन्शनवर, कारण धाकट्या भावाचं शिक्षण अजून व्हायचं होतं. हे मला तिने नाही सांगितलं, तिच्या अर्जासोबतच्या सेवापुस्तिकेवरून आणि कॅन्टीनमधल्या गप्पांवरून कळलं.

तिचा विषय होता बोरातली अळी. जयपूरजवळ चौमूंच्या आसपास बोरांच्या बागा आहेत. एक माशी लहान फळाला टोचून आत अंडं घालते. अळी आतून गर खाते आणि बाहेरून बोर टवटवीत दिसतं. शेतकरी अंदाजाने औषध मारतो, निम्म्या वेळा उशिरा. कोणत्या जातीच्या बोराला आणि हंगामात कधी किती कीड लागते हे मोजायचं, म्हणजे औषध नेमकं कधी मारायचं ते सांगता येईल, असं तिचं म्हणणं.

मॅनेजमेंटचे प्राध्यापक प्रत्येक अर्जदाराला एकच प्रश्न विचारतात. गणितवाल्यालाही तोच विचारतात.

“मॅडम, इससे समाज को क्या फ़ायदा?”

“सर, आप बेर खाने से पहले फोड़कर देखते हैं?”

“नहीं तो.”

“तो फ़ायदा है, सर.”

मला हे उत्तर आवडलं, म्हणूनच मी लगेच सावध झालो. अर्जदाराची आणि माझी मातृभाषा एक आहे, याची नोंद इतिवृत्तात घ्या, असं मी अध्यक्षांना सांगितलं. डीनसाहेब म्हणाले, “भाईसाहब, भाषा एक होने से कोई रिश्तेदार थोड़े हो जाता है.” मी म्हटलं, तरी घ्या. नोंद झाली. तिला दोन लाख मंजूर झाले, त्यातला पहिला हप्ता देण्याचा आदेश निघाला.

आदेश निघाला, पण फाइल फिरत राहिली. बोरं काही फाइलसाठी थांबत नाहीत. लवकर येणारी ‘गोला’ जात जानेवारीतच संपत आली. मधल्या आणि उशिराच्या जाती तेवढ्या उरल्या. आणि उशिराची जात संपते मार्चमध्ये, म्हणजे आमचं आर्थिक वर्ष संपतं तेव्हाच.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या.

“सर, खरेदीला तीन कोटेशन मागतायत स्टोअरवाले.”

“बरोबर आहे.”

“पण मतलब, बाग एकच आहे ना, सर. त्याच बागेतल्या झाडांना मी खुणा केल्यात.”

“मग ते एक झालं. अजून दोन आणा.”

“बाकीच्यांच्या झाडांना मी खुणा नाही केल्या.”

“खुणा नसल्या तरी कोटेशन देता येतं.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझा मुलगा मी बँकेचं पासबुक भरून आणायला सांगितलं की पाहतो.

एकाच ठिकाणाहून खरेदी करायची तर वित्त समितीची खास परवानगी लागते, आणि ती समिती एप्रिलमध्ये बसते. त्यापेक्षा तीन कोटेशनं लवकर मिळतील, असं मी सांगितलं. माझं आजही मत आहे की हा नियम चांगला आहे. ज्याने कोणी तो केला त्याने आधी एखाद्या विभागप्रमुखाच्या मेहुण्याचं दुकान पाहिलं असणार. आमच्याकडे एका विभागात काचेची भांडी बाजारभावाच्या दुप्पट दराने येत होती, आणि दुकानाच्या पाटीवर विभागप्रमुखांच्या सासऱ्यांचं नाव होतं.

“सर, किडलेल्या बोरांचं कोटेशन कोण देणार?” मॅडमनी विचारलं.

हा प्रश्न मात्र रास्त होता. मी म्हटलं, रविवारी जाऊन बघू.

मला प्रत्येक गोष्ट जाऊन बघायची सवय आहे. रविवारी मी स्वतःची गाडी काढली, पेट्रोल स्वतःचं. बायको म्हणाली मीही येते. ती माहेरची जळगावची, आणि बोर या विषयात तिचं मत कोणत्याही समितीपेक्षा पक्कं आहे. बनी पार्कातल्या घरून निघालो, वाटेत मॅडमना घेतलं.

“लग्नाला इतकी वर्षं झाली,” बायको मॅडमना म्हणाली, “फिरायला म्हणून कुठे नेलं नाही यांनी. आज नेतायत, तेही किडकी बोरं बघायला.”

“काकू, सॉरी. माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे नाही गं. तू नसतीस तर घरी बसून वीजबिलं जुळवली असती.”

चौमूंच्या फळबाजारात पहिला व्यापारी वयस्कर होता. पुढ्यात बोरांचा डोंगर. मी त्याला नीट समजावलं: विद्यापीठ, संशोधन, झाडावरून तोडलेली सगळी बोरं न निवडता हवीत, चांगली-वाईट एकत्र. त्याने माझ्याकडे, मग बायकोकडे पाहिलं. बायकोकडे का, ते मला कळलं नाही. बहुधा हिच्या घरी असा माणूस आहे याची कीव आली असावी.

“बाबूजी, ख़राब माल हमारे यहाँ नहीं मिलता.”

“ख़राबच हवाय. त्याचा भाव लिहून द्या.”

“उसका क्या भाव? उसे तो हम फेंकते हैं.”

“मग जो भाव असेल तो लिहा.”

त्याने कागदावर चांगल्या बोरांचा भाव लिहिला, खाली सही केली आणि त्याखाली लिहिलं की आमच्याकडे कीड लागलेला माल विकला जात नाही. मी तो कागद घेतला, पण मनात अपात्र ठरवला. मागितलेल्या मालाचं नव्हतंच ते कोटेशन.

दुसऱ्याने माझ्या हातातला फॉर्म पाहिला आणि दिवसाढवळ्या ढिगावर ताडपत्री ओढली. त्याला वाटलं अन्नपदार्थांची तपासणी करणारे लोक आले. “साहब, सुबह ही आया है माल, अंदर क्या है हमको क्या मालूम!” मॅडम त्याला समजावायला दोनच वाक्यं बोलल्या, त्यात ‘कीड़ा’ हा शब्द तीनदा आला. त्याने ताडपत्रीवर वीट ठेवली. शेवटी बायको पुढे झाली. जळगावचं मेहरूणचं बोर असं असतं, तसं असतं, तुमच्याकडे त्याच्या पासंगाला पुरेल असं काही आहे का, असं तिने त्याला विचारलं. तो चिडला, ताडपत्री काढली, आम्हाला बोरं चाखायला दिली, आणि त्या भरात भाव लिहून सही केली. हे पात्र झालं.

तिसऱ्याचा भाचा जयपूरला गोपालपुऱ्यात कोचिंग क्लासला होता, त्यामुळे शिक्षण या गोष्टीत कशाचंही नवल वाटू द्यायचं नाही हे तो शिकला होता.

“रिसर्च है? लिखो जी, क्या लिखना है.”

चौथं कोटेशन बागवाल्याचं. बाग गावाबाहेर, खुणांच्या लाल रिबिनी झाडांना बांधलेल्या. बागवाला म्हणाला, मॅडम रोज येतात, पोरीसारख्या आहेत, पण भाव म्हणजे भाव.

सोमवारी तक्ता मांडला. सगळ्यात कमी भाव भाच्यावाल्याचा. गंमत अशी की तो माल त्याच बागेतून उचलत होता आणि बागवाल्यापेक्षा किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त देत होता. हे कसं जमतं ते अर्थशास्त्र विभागाने सांगावं. मी विचारलं नाही. नियमाप्रमाणे ऑर्डर त्याला. त्यात मी स्वतः टाइप करून घेतलं: खूण केलेल्या झाडांवरचीच बोरं, झाडागणिक वेगळ्या पेट्यांत, कोणतीही निवड न करता. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “सर, एकदम बरोबर.” ऑर्डर स्टोअरमधून गेली.

त्यानंतर मार्च उजाडेपर्यंत मला या प्रकरणाचं काही कळलं नाही, कारण वर्षअखेरीला मला माझंही काही कळत नाही. मॅडमना तेव्हा बाहेरच्या परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षणाची ड्युटी लागली होती, सलग दोन दिवस. त्याच दोन दिवसांत माल आला.

पुढच्या सकाळी समितीची बैठक होती. विषय: प्रगती नसलेले अंतर्गत प्रकल्प बंद करणे. यादीत पहिलं नाव मॅडमचं. त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी आत जाताना त्या उठून काहीतरी सांगू पाहत होत्या, पण शिपायाने दार उघडलं आणि डीनसाहेब म्हणाले, “आइए, आइए, आपका ही इंतज़ार था.”

टेबलावर चहा होता आणि एका मोठ्या काचेच्या भांड्यात बोरं. पिवळी, चकचकीत, सगळी एका मापाची, पुसून ठेवल्यासारखी. सगळे खात होते. मीही एक उचललं. गोड होतं, जळगावबद्दल काही बोलता येणार नाही इतकं गोड.

मॅनेजमेंटच्या प्राध्यापकांनी अहवाल वाचला. “स्टोअर की रिपोर्ट है: माल प्राप्त, उत्तम अवस्था में. और लैब की रिपोर्ट: नमूने शून्य. माल आ गया तो काम क्यों नहीं हुआ? ये तो सीधा क्लोज़र का केस है.” आणि बी ताटलीत टाकली.

“फिर तो वसूली भी होगी,” पाहुणे सदस्य म्हणाले. “कितना दिया था?”

मी आकडा सांगितला. सांगता सांगता नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक खोका होता, वर कागदाच्या कातरणीचा गादीसारखा थर, आणि बाजूला स्केचपेनने आमच्या खरेदी ऑर्डरचा नंबर. तो नंबर मला पाठ होता, मीच टाकला होता. माझ्या तोंडात दुसरं बोर होतं. ते गिळावं की काढावं हे ठरवायला मला थोडा वेळ लागला.

“ही बोरं कुठली, सर?” मी विचारलं.

“स्टोअर से आई हैं,” डीनसाहेब म्हणाले. “हर ऑफ़िस में भेजी हैं. बढ़िया हैं ना?”

“सर, हे मॅडमचं संशोधन आहे.”

“क्या?”

“आपण सगळे मॅडमचं संशोधन खातोय.”

मॅनेजमेंटच्या प्राध्यापकांचं तोंड हललं आणि तसंच थांबलं. स्टोअरप्रमुखांना बोलावलं. हे सीकरकडचे, नोकरीला माझ्याही आधीपासून, आणि स्वतःच्या कामाबद्दल पूर्ण निश्चिंत.

“सर, पेरिशेबल आइटम है. मॅडम थीं नहीं. स्टॉक में रखता तो सड़ जाता.”

“अहो, सडायलाच मागवलं होतं!” मी मराठीतच ओरडलो. त्यांना अर्थ कळला.

“पर माल तो एक नंबर है, साहब. देखिए, एक दाना ख़राब नहीं.”

तेच तर. एकही दाणा खराब का नव्हता? मी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याला विचारलं की न निवडता पाठवा असं लिहिलं होतं, मग हे काय पाठवलंत?

“साहब, आगे वो लिखा था, पीछे आठवीं शर्त भी लिखी थी. घटिया या दोषयुक्त माल आया तो पूरा वापस, भुगतान नहीं. हमने दोनों पढ़ीं. पीछे वाली भारी लगी. घर के सब लोगों को बिठाकर छँटवाया है. एक भी कीड़े वाला निकले तो पैसा मत देना!”

आमच्या प्रत्येक खरेदी ऑर्डरच्या पाठीमागे त्या अटी छापलेल्या असतात. खुर्ची घ्या, परीक्षानळी घ्या, बोरं घ्या, अटी त्याच. त्या बिचाऱ्याने विद्यापीठाला शब्दशः मान दिला होता. सगळ्या पेट्याही एकत्र करून, नवीन खोक्यांत भरून, वर शोभेची कातरण घालून.

मी फोन ठेवला. मग डीनसाहेबांनी विचारलं, “तो अब रास्ता क्या है?”

मी जे असतं ते सांगितलं. माल स्टोअरच्या नोंदीत आला आहे, तेव्हा त्याचं काय झालं हे लिहावं लागेल. लेखापरीक्षक विचारतील, संशोधन साहित्य कुठे गेलं?

“तो आप क्या लिखेंगे?”

“जे झालं ते. समितीने सेवन केलं.”

“मिनट्स में?”

“त्याशिवाय वसुलीचा प्रश्न आहेच. पण ती मॅडमच्या पगारातून कशी करणार? ज्यांनी खाल्लं त्यांच्याकडून करावी लागेल. बिया आहेत ताटल्यांत, अंदाज येतो.”

मी धमकी देत नव्हतो. मला खरोखरच दुसरं काही सुचत नव्हतं. पण मॅनेजमेंटच्या प्राध्यापकांनी आपली ताटली अजेंड्याच्या कागदाखाली सरकवली, आणि पाहुणे सदस्यांनी आपल्याला मधुमेह असल्यामुळे एकच खाल्ल्याचं सांगितलं. त्यांच्या ताटलीत बिया पुष्कळ होत्या.

माणूस अडचणीत आला की त्याला नियमावली वाचता येते. डीनसाहेबांनी पाच मिनिटांत असं कलम काढलं, जे मी वर्षानुवर्षं पाहत होतो आणि ज्यावर आजवर कोणी सही केली नव्हती, कारण त्यात सही करणाऱ्याची जबाबदारी होती: क्षेत्रकार्यात नमुने गोळा करणं ही खरेदी नव्हे, ते डीनच्या अधिकारात थेट करता येतं. कोटेशन नाही, स्टोअर नाही, आठवी अट नाही. मॅडमना आत बोलावलं.

“बेटा,” डीनसाहेब इतक्या मऊ आवाजात बोलले की शिपायानेही वळून पाहिलं, “आपको क्या चाहिए, बताइए.”

मॅडम टेबलावरच्या भांड्याकडे बघत होत्या. ते अर्धं रिकामं होतं.

“सर, मुझे बस सड़े हुए बेर चाहिए.”

प्रकल्प बंद झाला नाही. अट एकच घातली: महिना संपायच्या आत उशिराच्या जातीचे किडीचे नमुने प्रयोगशाळेत दिसले पाहिजेत, नाहीतर पुढच्या बैठकीत बंद, वसुलीसकट. खाल्लेल्या मालाचं मी काय केलं तेही सांगतो. खर्च ‘प्रयोजनास अयोग्य पुरवठा, नाशवंत, वाटप’ म्हणून दाखवला, मॅडमच्या अनुदानातून नव्हे, स्टोअरच्या खर्चात. माझ्या दोन बोरांचे पैसे रोखपालाकडे भरून पावती घेतली. हे डीनसाहेबांना कळल्यावर त्यांनीही भरले. मॅनेजमेंटच्या प्राध्यापकांनी काय केलं हे रोखपालाला विचारलं तर तो हसला.

त्या रविवारी परत चौमूं. या वेळी नमुन्यांच्या खर्चावर माझी सही होणार होती, म्हणून मला जाणं भाग होतं. बायको म्हणाली, मला भाग नाही, पण येते.

बागवाल्याने आमचं स्वागत केलं आणि मॅडमचे प्राणच काढले.

“इस बार मैंने दवाई ज़बरदस्त मारी है, मॅडमजी. आप लोग आने वाले थे ना. एक कीड़ा नहीं मिलेगा.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्या झाडाखाली बसल्या, पिशवीतून छोटी सुरी काढली आणि पहिलं बोर कापलं. स्वच्छ. दुसरं, स्वच्छ. मी हळूच विचारलं, “नाही सापडली तर?”

“नाही सापडली तर तोही निष्कर्ष असतो, सर. मतलब, विज्ञानात असतो.”

“तो निष्कर्ष त्या समितीला समजवायला तुम्ही जाल की मी?”

त्या कापत राहिल्या. बागवाला प्रत्येक स्वच्छ बोराला मान डोलावत होता, जणू शाळेत त्याच्या पोराचा नंबर आला आहे. बायको माझ्या शेजारी उभी होती. ती मला म्हणाली, “अहो, देवाला काय सांगायचं आता? कीड पडू दे म्हणून?”

रिबिनीच्या चौथ्या झाडाखाली मॅडम एकदम थांबल्या. बोराचा अर्धा भाग तळहातावर घेतला. गरात तपकिरी भोक, आणि त्यात भाताच्या शितासारखी एक पांढरी अळी वळवळत होती.

“काकू! काकू, बघा! आहे!”

“शी!” बायको म्हणाली, आणि वाकून बघितलं.

बागवाला लाल झाला. “ये मेरे पेड़ की नहीं है. पड़ोसी दवा नहीं मारता, उसके यहाँ से मक्खी आई होगी.” मॅडमनी पुढचं कापलं, त्यातही होती. त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या आणि त्याने अपमानाने पाठ फिरवली होती. बायकोने त्याला बाजूला नेलं. काय सांगितलं मला माहीत नाही, पण परत आला तेव्हा तो वेगळाच माणूस होता.

“मॅडमजी, इधर क्या ढूँढ रही हो? पीछे नाले की तरफ़ आओ. वहाँ तो दवा पहुँचती ही नहीं. इतनी मिलेगी कि थक जाओगी.”

मागच्या झाडांवर खरोखरच तशी होती. नशिबाने तिथल्या दोन झाडांना मॅडमनी हंगामाच्या सुरुवातीलाच रिबिनी बांधल्या होत्या. बोरं झाडागणिक पिशव्यांत भरली, चिठ्ठ्या लावल्या. मी वजन लिहून घेतलं. पैसे देताना बागवाला म्हणाला, “कीड़े वाले का दो रुपया ज़्यादा लगेगा.”

“का?”

“साहब, आपको वही चाहिए ना!”

यावर माझ्याकडे नियम नव्हता. घासाघीस करून एक रुपयावर आणलं.

मार्च संपण्याआधी मी प्रयोगशाळेत बघायला गेलो. बरण्यांत वाळू, वाळूत अळ्यांचे कोष, तोंडाला मलमल बांधलेली. स्टोअरप्रमुख माझ्या आधीच तिथे हजर होते आणि या वस्तू साठ्यात किती दाखवायच्या असं विचारत होते. मॅडमनी त्यांना सांगितलं की काही दिवसांत यातून माश्या निघतील. ते गंभीरपणे म्हणाले, मग उडाल्यावर ‘घट’ दाखवावी लागेल. मी दुसऱ्या हप्त्यावर तिथेच, बरण्यांच्या टेबलावर सही केली.

सगळंच काही मिळालं नाही. लवकरची जात गेली होती, मधली समितीच्या पोटात गेली होती, तीन जातींची तुलना करायची ठरली होती ती एकाच जातीवर आली. मॅडमनी अहवालात तसं स्वच्छ लिहिलं. ‘आधीचे आकडे अंदाजाने भरून टाका, कोण बघतंय’ असा सल्ला त्यांना एका वरिष्ठाने दिला होता. कोण, ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये त्यांना कायम केल्याचं पत्र मिळालं. पत्र घेऊन त्या पेढ्यांसकट माझ्या केबिनमध्ये आल्या. शेरा होता: ‘प्रगती समाधानकारक. नमुन्यांची संख्या अपुरी.’

“अपुरी का, ते नाही लिहिलं, सर,” त्या म्हणाल्या.

“ते लिहिलं असतं तर नावंही लिहावी लागली असती. माझ्यासकट.”

“तुमची फक्त दोनच होती ना, सर?”

“दोन. पावती आहे माझ्याकडे.”

त्यांनी पेढ्यांचा खोका पुढे केला. मी एक घेतला आणि आधी फोडून बघितला.